बाजूच्या सीटवरचे वजन

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो, पण एवढ्यावरून मला म्हातारी समजू नका. मी दोन सीटची, ठेंगणी, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची शर्यतीची गाडी आहे, आणि एका जागी उभे राहणे माझ्या स्वभावातच नाही. उभी राहिले की माझ्या अंगाला मुंग्या येतात. कोणी नुसते दार उघडले तरी मला वाटते, चला, निघालो. मग तो माणूस सीटखाली पडलेली छत्री उचलतो, दार लावतो आणि चालता होतो. मी आपली तशीच, निघण्याच्या तयारीत. लोक म्हणतात, निर्जीव वस्तूला कसली घाई? त्यांनी एकदा माझ्या जागी उभे राहून पाहावे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्याच्या लहानशा कोपऱ्यात झाला. मधल्या मोठ्या दालनात चार दारांच्या, गुणी, बाजारहाट करणाऱ्या गाड्या भराभर तयार होत. आमच्या कोपऱ्यात मात्र सगळे हाताने चाले. माझी मडगार्ड एका कारागिराने लाकडी हातोडीने ठोकून ठोकून गोल केली. ठोकून झाले की तो डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचा आणि कुठे उंचवटा लागला तर पुन्हा ठोकायला घ्यायचा. मला तेव्हाही धीर नव्हता. पुरे झाले, सोडा आता मला रस्त्यावर, असे वाटायचे.

इंजिन मला दणकट मिळाले, पण चाके मात्र बारीक. त्या काळी रीतच तशी होती. वरून पैलवान आणि खाली काड्या, असे माझे रूप होते. सरळ रस्त्यावर माझा कोणी हात धरू शकत नसे. वळण आले की मात्र ते अरुंद टायर रस्ता सोडू लागत आणि मला जीव मुठीत धरावा लागायचा.

माझा पहिला मालक शर्यतवाला होता. घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत कोण आधी पोहोचतो, अशा शर्यतींत त्याने मला पळवले. आम्ही जिंकायचो. लोक माझ्याभोवती गर्दी करायचे, माझ्या बॉनेटवर हात ठेवून फोटो काढून घ्यायचे. कौतुक कोणाला नको असते, मित्रांनो? मी तर अगदी हुरळून गेले होते. मग एका वळणावर मागचा बारीक टायर सुटला, मी गिरकी घेतली आणि रस्त्याकडेच्या चरात जाऊन पडले. शर्यतवाल्याला खरचटलेसुद्धा नाही, पण त्याचे मन माझ्यावरून उडाले ते उडालेच. त्याने मला एका शेडमध्ये ढकलले आणि वरून ताडपत्री टाकली. उंदरांनी माझ्या सीटमध्ये संसार थाटले. त्या अंधारात किती वर्षे गेली ते मला सांगता येणार नाही. एवढे मात्र सांगते, की धावणाऱ्याला कोंडून ठेवण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

तिथून मला बाहेर काढले ते मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, टेलरमास्तर. ते शर्यतवाल्याच्या कोटाचे माप घ्यायला त्याच्या घरी आले होते. जाताना शेडचे दार उघडे दिसले म्हणून डोकावले आणि त्यांनी ताडपत्रीचे टोक उचलले. लहान चणीचा, किडकिडीत माणूस, गळ्यात टेप, कानावर खडू. ते माझ्या मडगार्डवरून तळहात फिरवत राहिले.

"हवी असेल तर घेऊन जा," शर्यतवाला म्हणाला. "माझ्या डोळ्यांसमोर नको ती."

मास्तरांनी मला दुकानामागच्या मोकळ्या जागेत आणून ठेवले. इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या खिडकीतून मी त्यांना दिसत असे. दिवसभर कपडे शिवायचे आणि उरलेल्या वेळात माझी डागडुजी करायची, असे त्यांचे चालले. पत्रा गॅरेजवाल्या मिस्त्रीने सरळ केला, पण सीटची कव्हरे मास्तरांनी स्वतः शिवली. अशी शिवली, की त्या शिवणीवर बोट फिरवले तर कुठे टाका लागत नाही.

मिस्त्रीविषयी जाता जाता सांगते. काहीही विचारा, त्याचे उत्तर ठरलेले, "होऊन जाईल." इंजिन उघडून जमिनीवर पसरलेले असो की एखादा नट हरवलेला असो, होऊन जाईल. म्हणून सगळी गल्ली त्याला 'होऊनजाईल' म्हणूनच ओळखते. आणि गंमत म्हणजे, बहुतेक वेळा होऊनही जाते.

मास्तरांना एक मुलगी झाली. ती दुकानात रांगत रांगत पडलेली बटणे गोळा करायची, म्हणून मास्तर तिला 'बटण' म्हणू लागले. तेच नाव पडले. जरा मोठी झाल्यावर ती माझ्या बाजूच्या सीटवर बसू लागली. खाली उशी घालावी लागायची, नाहीतर तिला काचेबाहेरचे काही दिसत नसे. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघे घाटात जायचो. बटण सीटवर बसली तरी माझ्या स्प्रिंगांना पत्ता लागायचा नाही, इतकी ती हलकी. पण तिची बडबड मात्र अखंड. एकदा घाटमाथ्यावर थांबलो असताना ती माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हिचे पाय किती बारीक आहेत. हिला जेवायला द्या ना."

मास्तर पोट धरून हसले. "मोठी हो, मग हिला जाडजूड पाय लावू आपण."

ती मोठी व्हायच्या आधीच मास्तरांचे आणि तिच्या आईचे पटेनासे झाले. कोणाचे किती चुकले ते मला ठाऊक नाही. घरातले बोलणे माझ्यापर्यंत पोहोचत नाही. एवढेच पाहिले, की आईला दूर समुद्रापलीकडे नोकरी लागली आणि ती बटणला घेऊन गेली. बटणचे पुढचे दोन दात तेव्हा नुकतेच पडले होते. निघताना ती माझ्या दाराला चिकटून उभी होती, आणि मास्तरांनी तिची बोटे एकेक करून सोडवली.

त्यानंतर उरला तो फोन. दुकानात मशिनचा खडखडाट, म्हणून मास्तर रोज माझ्यात येऊन बसायचे, दार लावून घ्यायचे आणि फोन समोर टेकवून ठेवायचे. पडद्यावर बटणचा चेहरा यायचा. आज शाळेत काय झाले, काय खाल्ले, कोणाशी भांडलीस, सगळे व्हायचे. भेटायला जायचे दरवेळी ठरायचे आणि दरवेळी काहीतरी आडवे यायचे. कधी तिची परीक्षा, कधी मास्तरांचा कामाचा हंगाम, कधी आणखी काही. मी ते सगळे ऐकायचे आणि आतल्या आत तळमळायचे. समुद्र आडवा नसता तर मी मास्तरांना केव्हाच नेऊन पोहोचवले असते.

मग एक दिवस फोनवरून बटण म्हणाली, "बाबा, माझी शाळा संपली. पुढचं इथे शिकायचं की तिकडे येऊन, तुमच्याजवळ राहून, ते मला ठरवायचंय. आई म्हणते तुझं तू ठरव. मी थोडे दिवस येऊन बघते."

"काय बघणार?" मास्तरांनी विचारले.

"सगळंच. कॉलेज. घर. तुम्हालासुद्धा."

फोन बंद झाल्यावर मास्तर बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिले, जणू आम्ही कुठे निघालोच आहोत. मुलगी राहणार की परत जाणार, हे या थोड्या दिवसांवर ठरणार होते. त्या दिवसापासून मास्तरांना चैन पडेना. त्यांनी घरातली मागची खोली रंगवली. तिचा पलंग पॉलिश केला, नवे पडदे शिवले. कापायचे एक आणि कापले भलतेच, असे दुकानात होऊ लागले. मधूनच उठायचे, माझ्याभोवती एक फेरी मारायचे आणि परत जायचे. एका फेरीत ते माझ्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले, गळ्यातली टेप काढली आणि मडगार्डच्या आतली जागा मोजू लागले. मी ओळखले, आता माझ्या पायांची पाळी.

मिस्त्रीने मडगार्डखाली डोके घातले आणि तो म्हणाला, "मास्तर, रुंद चाक बसवायचं तर दोन्हीकडून अडचण. आत सरकवलं तर दणके खाणाऱ्या शॉकअपला लागतं, बाहेर काढलं तर वर मडगार्डच्या कडेला. ही कड थोडी कापू का? मग बिनधास्त होऊन जाईल."

"हिच्या अंगाला कात्री नको," मास्तर म्हणाले. "एवढं सुरेख हाताचं काम आहे. न कापता बसव."

"न कापता बसवायचं तर मग वजनावर आलं. वजन पडलं की गाडी खाली बसते आणि कड टायरवर टेकते. तुम्ही एकटेच हिंडणार ना?"

"नाही रे. शेजारी माझी मुलगी असेल."

"केवढी आहे मुलगी?"

मास्तरांनी हात पुढे केला आणि कमरेच्या जरा वर धरला. "एवढी."

मित्रांनो, मास्तरांना आपल्या मुलीचे वय ठाऊक नव्हते असे नाही. शाळा संपली, कॉलेज सुरू होणार, हे त्यांनीच सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितले होते. पण हात मात्र सवयीने जिथे जायचा तिथेच गेला. मिस्त्रीने कोपऱ्यातली वाळूची पिशवी उचलून पाहिली, थोडी वाळू काढली, पुन्हा उचलली आणि माझ्या बाजूच्या सीटवर ठेवली. मास्तरांनी तिला पट्टासुद्धा लावला. मलाही ते वजन ओळखीचे वाटले. बटण बसली की एवढेच जाणवायचे.

नवी चाके बसली. मिस्त्रीने मडगार्डच्या कडेला आतून ओल्या मातीचे गोळे चिकटवले. टायर कडेला लागला असता तर माती चेपली असती. मग मास्तर, ती पिशवी आणि मी असे तिघे गॅरेजमागच्या वळणावर फिरून आलो. मिस्त्रीने वाकून पाहिले. गोळे जसेच्या तसे होते.

"थोडी जास्त जागा ठेवायची का? स्प्रिंग जरा उंच करून?" त्याने विचारले.

"नको. अगदी बेताची राहू दे. उंच केली तर ध्यान दिसेल."

आणि खरेच, मी काय दिसत होते म्हणून सांगू. रुंद, काळेभोर टायर मडगार्डमध्ये अगदी भरून बसले होते. सिग्नलला उभी राहिले की लोक वळून पाहू लागले. वळणावर मी आता रस्ता सोडत नव्हते. इतकी वर्षे जे जमिनीवर धड ठरले नव्हते ते पाय आता घट्ट रोवले गेले. पण या रुंद टायरांना एक वाईट खोडही आहे. रस्त्यावर कुठे चर दिसला, कुठे ओबडधोबड पट्टा आला, की ते तिकडेच ओढ घेतात. मास्तर सरळ जायचे म्हणत आणि मी डावीकडे, मग उजवीकडे. त्यांचे हात भरून यायचे. आधीच मी अस्वस्थ, त्यात ही नवी ओढ. आम्ही दोघेही त्या दिवसांत एका जागी ठरत नव्हतो.

बटण यायची होती त्या दिवशी आम्ही विमानतळावर फारच लवकर पोहोचलो. मास्तरांनी मला बाहेरच्या रस्त्यावर, काचेच्या दरवाजासमोर उभे केले होते, त्यामुळे मला सगळे दिसत होते. माणसांचा लोंढा बाहेर आला. मास्तर टाचा उंचावून पाहत होते, पण त्यांची नजर मात्र खाली, ट्रॉल्यांच्या उंचीवर फिरत होती. तेवढ्यात एक उंच मुलगी त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. पाठीवर एक लहानशी पिशवी, डोळ्यांवर चष्मा, खांदे भक्कम.

मास्तर तिच्या बाजूने मागे पाहू लागले.

"बाबा," ती म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली. ती त्यांच्यापेक्षा डोकेभर उंच होती. त्यांनी तिला मिठी मारली, तेव्हा त्यांचा चेहरा तिच्या खांद्याशी आला.

ती माझ्यात बसली ती अंगाची घडी करूनच. गुडघे समोरच्या फळीला टेकले. माझी त्या बाजूची स्प्रिंग अशी काही दबली की मी दचकले. ही कोण, असे क्षणभर वाटले. मग तिने दारावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "अगं, तुला पाय आले की." मग मात्र ओळख पटली. त्या दिवशी रस्ता सपाट होता. मास्तर जपून चालवत होते. काही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाटाकडे निघालो. मास्तर खूप बोलत होते. कॉलेज किती जवळ आहे, खोलीत ऊन कसे येते, दुकानात बसून अभ्यास करता येईल. बटण "हं" म्हणत होती. पहिले मोठे वळण आले. मी झुकले आणि मागच्या बाजूने आवाज झाला. जाड कापड टरकन फाडावे तसा.

"रस्ता खराब आहे," मास्तर म्हणाले.

पुढचे वळण आले. पुन्हा तोच आवाज. मास्तरांनी वेग कमी केला तरी आवाज काही जाईना. जळक्या रबराचा वास आत आला, तेव्हा त्यांना मला कडेला घ्यावेच लागले.

बटण उतरून चाकापाशी गुडघ्यांवर बसली. "बाबा, टायर वर घासतोय. हे बघा, केवढा चट्टा पडलाय."

"असं कसं? आम्ही तपासलं होतं ना. दोन्हीकडे वजन ठेवून तपासलं होतं."

"माझ्या बाजूला काय ठेवलं होतं?"

"वाळूची पिशवी."

"केवढी?"

मास्तरांनी दोन्ही हात पुढे करून पिशवी केवढी ते दाखवले. दाखवता दाखवता त्यांचे हात हवेतच थांबले. त्यांच्याच ध्यानात आले असणार.

बटणने त्या हातांमधल्या जागेकडे पाहिले. ती हसेल असे मला वाटले होते. ती हसली नाही.

"एवढी मी इथून गेले तेव्हा होते, बाबा."

"चुकलं गं. फोनवर तुझा चेहराच दिसतो. बाकीचं कुठे दिसतं?"

"रोज बोललो आपण. एवढी वर्षं, रोज. एकदा विचारायचं ना, केवढी झालीस म्हणून." ती उठून उभी राहिली. "रात्री मी पाय मुडपून झोपले. तो पलंग माझ्या लहानपणचा आहे. पडद्यांवर बदकं आहेत. मी म्हटलं, आपण काही बोलू नये, त्यांनी हौसेनं केलंय. पण बाबा, तुम्ही ज्या मुलीची वाट बघताय ना, ती आलेलीच नाही. मी आले आहे. आणि मी इथे कुठे मावतच नाहीये."

मास्तर माझ्या मडगार्डला धरून उभे होते.  "गिऱ्हाइकांच्या पोरांचं दर वेळी नवं माप घेतो मी," ते म्हणाले. "मागचं माप कधी वापरत नाही. कधीच नाही."

 मला बोलता आले असते तर मी काय बोलले असते, देव जाणे.

दोघांना घेऊन उतरणे शक्य नव्हते. उतारावरच्या वळणांत टायर फाटला असता आणि सगळेच दरीत गेलो असतो. थोड्या वेळाने खाली जाणारी बस आली. बटणने हात केला.

"तुम्ही हिला घेऊन या. मी बसने उतरते," ती म्हणाली आणि चढून गेली.

आम्ही त्या बसच्या मागे मागे घाट उतरलो. मास्तरांनी बसला ओलांडले नाही आणि मागेही पडू दिले नाही. बाजूची सीट रिकामी होती. आता टायर कुठेच लागत नव्हता, एकही आवाज येत नव्हता, वळणामागून वळण मी लोण्यासारखी घेत होते. एवढी सुरेख मी आयुष्यात कधी धावले नसेन, मित्रांनो, आणि धावताना एवढे वाईटही मला कधी वाटले नव्हते. मास्तरांचे डोळे बसच्या मागच्या काचेवर खिळले होते. तिथे तिच्या डोक्याचा मागचा भाग दिसत होता. तिने एकदाही वळून पाहिले नाही.

मास्तरांनी मला घरी न नेता सरळ गॅरेजमध्ये आणले.

"काढ ही चाकं," ते मिस्त्रीला म्हणाले. "जुनी लाव. जशी होती तशी करून टाक हिला."

"होऊन जाईल," मिस्त्री म्हणाला, पण नेहमीसारखा नाही. त्याने मास्तरांचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता जॅक ओढला. मास्तर गॅरेजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझारा घालू लागले. माझी जुनी बारीक चाके भिंतीला टेकवून ठेवलेली होती. पुन्हा ते पाय घालायचे या विचाराने माझा जीव गुदमरला, पण त्याहून मोठी काळजी वेगळीच होती. बटण बसमधून उतरून कुठे गेली असेल? आपले सामान उचलून परत जायला घरी गेली असेल का?

तेवढ्यात ती गॅरेजच्या दारात उभी राहिली. बस कोपऱ्यावरच थांबते आणि तिने मला रस्त्यावरून पाहिले होते.

"काय चाललंय?" तिने विचारले.

"जुनी चाकं लावतोय," मास्तर म्हणाले. "आधीसारखी झाली की नाही घासणार. मग तुला कुठेही नेता येईल."

"आधीसारखी करून काय होणार, बाबा? मी होणार आहे का आधीसारखी?"

मास्तर थांबले. मिस्त्रीनेही जॅकचा दांडा खाली ठेवला.

बटणने माझे दार उघडले, वाकली, अंगाची घडी केली आणि बाजूच्या सीटवर येऊन बसली. "ही मी बसले आहे. आता तपासा काय ते."

मिस्त्रीने नवे मातीचे गोळे आणले. तो चाकापाशी बसला, मग वर पाहून म्हणाला, "मास्तर, तुम्हीपण बसा. दोघं असल्याशिवाय खरं काही कळायचं नाही."

मास्तर आत येऊन बसले. समोर गॅरेजची भिंत, पान्हे टांगलेली. दोघेही तिकडेच पाहत होते. तपासणीच्या वेळी माझ्या दोन्ही बाजू पहिल्यांदाच खऱ्या वजनाने दबल्या होत्या.  मिस्त्री खाली काहीबाही पुटपुटत होता.

मग मास्तरांनी घसा खाकरला. "चष्मा कधी लागला तुला?"

"दोन वर्षं झाली. फोनवर बोलताना काढून ठेवायचे."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मास्तरांनी पुढे विचारले, "गोड आवडतं का अजून?"

"नाही. फारसं नाही."

"अंधाराची भीती?"

"ती गेली. आता गर्दीची वाटते. काल विमानतळावर तुम्ही माझ्यामागे बघत होता ना, तेव्हा मला वाटलं परत आत निघून जावं."

"मग का नाही गेलीस?"

"तुम्ही टाचा उंच करून उभे होता," ती म्हणाली.

मास्तर रडत होते. चष्म्याआडून बटणही. मी दोघांनाही धरून होते आणि मला पहिल्यांदाच कुठे जायची घाई वाटत नव्हती. मास्तर विचारत राहिले, ती सांगत राहिली. आवडता रंग, मैत्रिणी, आईचे गुडघे दुखतात ते, रात्री कुठवर जागते ते. काही गोष्टी तिने फोनवर आधीच सांगितलेल्या असणार. पण मास्तर अशा तऱ्हेने ऐकत होते, जणू प्रत्येक गोष्ट त्यांना नव्याने कळत होती.

मिस्त्रीने मडगार्डच्या कडेवर खडूने रेघ ओढली. "मास्तर, इथपर्यंत कापावं लागेल. त्याशिवाय गत्यंतर नाही. फक्त तुम्ही दोघं धरून ही रेघ आहे. बघा, कापू का?"

मास्तरांनी त्या रेघेकडे पाहिले. ते काही बोलणार, तोच बटण म्हणाली, "रेघ अजून वर घ्या. मागे डिकीत सामान धरा."

"कसलं सामान?" मिस्त्रीने विचारले.

"मोठी बॅग असेल. आणि पुस्तकांचे खोके, जड असतात ते. हिवाळ्यातले कपडे इथे लागणार नाहीत, ते नाही आणणार."

मास्तरांनी गोंधळून तिच्याकडे पाहिले. "एवढं सामान कुठे न्यायचंय तुला?"

"मास्तर," मिस्त्री खालूनच म्हणाला, "न्यायचं नाही हो. आणायचंय."

 मास्तर खाली उतरले, मडगार्डच्या कडेवरून एकदा तळहात फिरवला आणि म्हणाले, "काप."

मित्रांनो, पत्रा कापताना मला दुखले. जे हाताने ठोकून केलेले असते, ते जाताना दुखतेच. ठिणग्या उडाल्या, कड खाली पडली. आजही माझी ती बाजू जवळून पाहिली तर कापल्याचे कळते, आणि जुन्या गाड्यांचे शौकीन मला पाहून नाक मुरडतात. मुरडू देत. तुमच्यापैकी कोणी उद्या एखाद्या गाडीला रुंद टायर लावाल, कोणाची खोली सजवाल, कोणासाठी काही शिवाल. हौस जरूर करा. पण ज्याच्यासाठी करता, त्याला आधी जवळ बसवा आणि आज तो केवढा झाला आहे ते त्यालाच विचारा. आठवणीतल्या माणसाचे माप कितीही प्रेमाने घेतले, तरी ते खऱ्या माणसाला बसत नाही.

पुरे झाले बोलणे. मला आता खरोखर निघायला हवे. तिचे विमान उतरायची वेळ झाली आहे, या वेळी सगळ्या सामानासकट. आणि मास्तर अजून आत आहेत, नव्या लांब पलंगाची चादर चौथ्यांदा सारखी करत.